मुके फोन

आमचे भाऊजी भित्रे आहेत. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते, त्यामुळे पाठीमागे सांगताना माझी जीभ अडखळत नाही. घराबाहेर पडले की गॅस बंद केलाय का ते बघायला जिन्यावरून परत वर येतात, आणि तेवढ्यानं भागत नाही म्हणून मला विचारतात, "वहिनी, मी बघितलं ना?" लिफ्टमध्ये एकटे चढत नाहीत. डॉक्टरांचा रिपोर्ट आणला की पाकीट माझ्या हातात देतात आणि स्वतः बाल्कनीत जाऊन उभे राहतात. चांगला चाळिशी ओलांडलेला बाप्या, पण झुरळ निघालं की खुर्चीवर मी नाही, हे चढतात. लग्नाचं विचारलं तर म्हणतात, आणखी एका माणसाची काळजी मला झेपायची नाही.

घरात आम्ही तिघं. आमचे हे मालवाहू जहाजावर, वर्षातले बरेचसे महिने पाण्यावरच. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून त्यांची वाचा गेली. डोकं मात्र असं तल्लख, की भाजीत मीठ विसरलं तर नुसत्या डोळ्यांनी माझी खरडपट्टी काढतात. आणि तिसरे हे भाऊजी. ते आणि मी एकाच इमारतीत कामाला. आग लागली, अपघात झाला, कुणी मारतंय, अशा वेळी माणूस ज्या नंबरवर फोन करतो ना, तो आमच्याकडे वाजतो. मी दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये हेडफोन लावून बसते. भाऊजी तळमजल्यावर, यंत्रांच्या कपाटांच्या थंडगार खोलीत. फोन करणाऱ्याचा आवाज माझ्या कानापर्यंत धड पोचवायचा, ही त्यांची नोकरी.

असा घाबरट माणूस नेमका अशा जागी कशाला गेला, असं कुणालाही वाटेल. त्याचं कारण माझे सासरे. ते गोदामांच्या एका मोठ्या आवारात रखवालदार होते. एका दुपारी छातीत कळ आली म्हणून त्यांनी घरी फोन लावला. फोन भाऊजींनी घेतला. आवाज तुटत होता. "मी इथं… गेटच्या… लवकर ये…" एवढंच आलं आणि मधलं सगळं हवेत गेलं. त्या आवाराला चहूबाजूंनी गेट. भाऊजी एकेका गेटवर धावत सुटले, आणि वडील सापडले ते अगदी शेवटच्या गेटवर. तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हापासून फोनवर कुणाचा आवाज तुटला की यांना दरदरून घाम फुटतो. ही नोकरी त्यांनी त्या भीतीपोटीच धरली.

आणि आमच्याकडे आवाज तुटायचा हो, फार तुटायचा. सगळ्या शहराचे फोन आधी लांबच्या एका केंद्रात उतरतात आणि तिथून एकाच लाईनवरून आमच्या हॉलमध्ये येतात. त्याच लाईनवरून ऑफिसची पत्रं, कॅमेऱ्यांची चित्रं, साहेबांच्या मीटिंगा, सगळी गर्दी. मला त्यांच्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण एकदा त्यांनी मला पटेल असं सांगितलं होतं. म्हणाले, "वहिनी, पत्र उशिरा आलं तरी वाचता येतं. बोलण्याचे तुकडे उशिरा आले की फेकूनच द्यावे लागतात." म्हणून त्यांनी आधी आवाजाला रांगेत पुढं घेतलं आणि बाकीच्यांना मागं ढकललं. बराच फरक पडला. पण शहरात काही मोठं झालं, वादळ किंवा आग, की फोनांवर फोन यायचे आणि पुन्हा तुकडे. साहेबांकडे मोठी लाईन मागितली. साहेब म्हणाले, आहे त्यात भागवा.

मग भाऊजींनी डोकं लढवलं. दोन माणसं बोलतात तेव्हा एक गप्प असतो. ती गप्प बसलेल्याची शांतता कशाला वाहून आणायची? त्यांनी त्या लांबच्या केंद्रातल्या यंत्राला शिकवलं, की माणूस बोलत असेल तेवढंच पाठव. बाकी पंखा, रहदारी, खुडबूड, खरखर, सगळं तिथंच गाळून टाक. आता कानात अगदीच सामसूम झाली तर आम्हाला वाटणार लाईन गेली, म्हणून आमच्याकडचं यंत्र मधल्या वेळात बारीक "स्स्स" असा आवाज स्वतःच तयार करून वाजवायचं. एवढ्या एका युक्तीनं त्याच लाईनवर दुप्पट फोन मावायला लागले.

काय सांगू, हॉलमध्ये नुसता आनंदीआनंद! माणूस शेजारी बसून बोलतोय असं ऐकू यायचं. पत्ते पहिल्या फटक्यात कळायला लागले. साहेबांनी भाऊजींना सगळ्यांसमोर उभं करून भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, आणि आमचे भाऊजी चक्क चार लोकांत हसले. त्या दिवसांत ते गॅस बघायला परत वर यायचेसुद्धा नाहीत. मी सासूबाईंना म्हटलं, लेक सुधारला तुमचा.

एक गोष्ट मात्र सुधारली नाही. मी हॉलमध्ये काय ऐकून आले, ते घरी बोलायचं नाही. तोंड उघडलं की, "वहिनी, जेवताना नको." जेवण झाल्यावर, "वहिनी, आता झोपायचंय." माझ्या पोटात सगळं साठून राहायचं. मग ते आंघोळीला गेले की मी सासूबाईंपुढं भडाभडा ओकायची. वडिलांसारखा एखादा आवाज कानावर पडेल या धास्तीनं ते हॉलमध्येही कधी पाऊल टाकायचे नाहीत. हेडफोन एकदाही कानाला लावला नव्हता. तर हॉलमध्ये आम्ही बायका काय करतो, ते त्यांना माहीत नाही आणि तळमजल्यावर ते काय करतात, ते मला माहीत नाही. एका ताटाशी बसून ही गत.

आता मुके फोन म्हणजे काय ते सांगते. फोन येतो आणि पलीकडे कुणी बोलत नाही. नियम असा, की दोन-तीनदा विचारायचं आणि ठेवून द्यायचं. पण हॉलमधल्या जुन्या बायका ठेवत नाहीत. मी नवी होते तेव्हा शेजारच्या आक्कांनी मला शिकवलं, की असा फोन आला तर हळू आवाजात म्हणायचं, "बोलता येत नसेल तर ठोका. एकदा ठोकलं तर हो, दोनदा ठोकलं तर नाही." लपून बसलेला माणूस, घशात काही अडकलेला माणूस, ज्याच्या उशाशी कुणी उभं आहे असा माणूस, हे सगळे ठोकतात. हे कुठं लिहिलेलं नाही. साहेबांना कळलं असतं तर वेळ वाया घालवता म्हणून ओरडले असते, म्हणून कुणी बोललंही नाही. सासूबाईंची वाचा गेली तेव्हा हेच मी त्यांना शिकवलं. दुपारी भाऊजी मोबाईलवरून घरी फोन करतात, सासूबाई बोटातली अंगठी फोनवर एकदा आपटतात, की यांच्या जीवात जीव. ती रीत हॉलमधून घरी आलीय, हे भाऊजींच्या गावीही नव्हतं.

माझ्या मुक्या फोनांमध्ये एक नळवाली होती. मागं सतत थेंब-थेंब नळ गळायचा, म्हणून नळवाली. न्हाणीघरात लपून फोन करत असणार. तिचा फोन बिनसिमचा होता. तसल्या फोनवरून फक्त आमचाच नंबर लागतो, आणि आमच्या पडद्यावर तिचा नंबर उमटत नाही, नुसता शहराचा भाग दिसतो. सिम कुणी काढून घेतलं असेल, ते मी न सांगताही कळेल. मी विचारायची, "घरात आहे तो?" एक टकटक. "मारलं?" एक. "पोलीस पाठवू?" दोन. नेहमी दोन. बिचारीला कुणी नुसतं पलीकडे असलेलं हवं असायचं. मी तिला सांगून ठेवलं होतं, "बरं, आज नको. पण ज्या दिवशी पोलीस हवे असतील, त्या दिवशी माझ्या विचारण्याची वाट बघू नकोस. सरळ तीनदा ठोक. मी नसले तर दुसरी कुणी असेल. आम्ही येऊ." आणि हॉलमधल्या झाडून सगळ्या बायकांना सांगितलं होतं, नळ गळत असला आणि तीनदा ठोकलं, की समजा ती.

भाऊजींच्या सुधारणेनंतर मुके फोन यायचे, पण त्यांत नुसतं "स्स्स". नळ नाही, श्वास नाही, ठोकणं नाही. आम्ही म्हणायचो, "ठोका," आणि कानात तीच गुळगुळीत शांतता. वात्रट पोरं असतील म्हणून बायका कंटाळल्या. साहेबांचा हुकूम आला, रिकामे फोन ताबडतोब ठेवा. नळवाली बरेच दिवस आली नव्हती. मी मनाची समजूत घालत होते, की सुटली असेल, माहेरी गेली असेल. पण का कोण जाणे, भांडी घासताना आमच्या नळाचा थेंब पडला की मी हात थांबवून पुढच्या थेंबाची वाट बघायची.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी भाजी घेऊन वर आले, तर आमचं दार सताड उघडं. माझ्या हातून पिशवी निसटली. आत बघते तर भाऊजी बूट न काढता फरशीवर बसलेले, डोकं सासूबाईंच्या मांडीवर, आणि लहान पोरासारखे थरथरतायत. सासूबाई एका हातानं त्यांना थोपटत होत्या आणि डोळ्यांनी मला सांगत होत्या, की या वेड्याला आवर.

झालं होतं असं, की मोबाईल घरीच राहिला म्हणून त्यांनी ऑफिसच्या फोनवरून घरी लावला होता. आईनं उचलला. पण ठोकलं नाही. "आई, ठोक ना. आई!" नुसतं "स्स्स". झालं, आई गेली असं धरून हे रस्त्यानं धावत आले. आणि आई मजेत मटार सोलत बसलेली! सासूबाईंनी मला अंगठी टेबलावर आपटून दाखवली, एकदा, दोनदा, दहादा, की मी ठोकत होते, यालाच ऐकू येत नव्हतं.

भाऊजींना मग एकदम उमगलं. डोळे पुसत हसायलाच लागले. "अहो वहिनी, ऑफिसचा फोन माझ्याच गाळणीतून जातो की! ठोकणं म्हणजे काही माणसाचा आवाज नाही. आईचं ठोकणं माझ्याच यंत्रानं कचरा म्हणून फेकलं, बघा!"

मला हसू आलं नाही.

"भाऊजी," मी म्हटलं, "ही गाळणी हॉलच्या फोनांना पण आहे?"

"सगळ्यांना आहे. का?"

तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा हात वर केला, "वहिनी, नको" म्हणायला. मी थांबले नाही. तीनदा ठोकण्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी तो हात खाली घेतला.

"म्हणजे ती ठोकत असेल," ते म्हणाले.

"असेल."

"आणि तुम्ही फोन ठेवत असाल."

"साहेबांचा हुकूम आहे ना तसा."

आम्ही दोघं तसेच ऑफिसला गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं, पण म्हणाले, "रिकाम्या आवाजासाठी लाईन अडवायची? पुन्हा आवाज तुटायला लागले तर जबाबदार कोण?" आणि त्यांचंही खोटं नव्हतं. भाऊजींना तर 'तुटायला' हा शब्दच पुरला. गाळणी काढली की बोलणाऱ्यांचे आवाज तुटणार, म्हणजे पुन्हा कुणाचा तरी बाप शेवटच्या गेटवर. ठेवली तर ठोकणारे मेले. कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून ते उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता हे घरी जाऊन पांघरूण घेणार.

ते तळमजल्यावर गेले आणि त्यांनी गाळणी काढली. कुणाला विचारलं नाही. जागा करायला आवाजाखेरीज जे जे काही होतं, ते सगळं त्यांनी रांगेच्या पार शेपटाला नेऊन बांधलं. कॅमेरे, पत्रं, आणि साहेबांची मीटिंगसुद्धा. साहेब पडद्यावर तोंड उघडं ठेवून तसेच थिजले, आणि पलीकडचे लोक म्हणे बराच वेळ त्यांच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होते. मग भाऊजी जिना चढून हॉलमध्ये आले, माझ्या शेजारची खुर्ची ओढली, आणि दुसरा हेडफोन कानाला लावला. घाईत तारच गुंतली, ती मी सोडवून दिली.

हॉल आवाजांनी भरून गेला होता. पंखे, हॉर्न, कुणाचं कुत्रं, कुणाची भांडी. बायका कुरकुरायला लागल्या. साहेब वर आले, लालबुंद, पण हॉलमध्ये ओरडता येत नाही म्हणून दारातूनच डोळे वटारत राहिले. कामावरून काढणार, हे आम्हाला स्पष्ट दिसत होतं. त्या दिवशी नळवाली आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. साहेबांनी बजावलं, आठवडाअखेरपर्यंत गाळणी परत बसली पाहिजे. भाऊजी खाली काम करायचे आणि सवड मिळाली की माझ्याशेजारी येऊन बसायचे. जेवण जात नव्हतं त्यांना. एकदा मला विचारलं, "वहिनी, ती असेल ना?" मी म्हटलं, "असेल हो." काय म्हणणार?

आली ती भर दुपारी, सगळ्या बायका डबे उघडून बसल्या असताना. मी नेहमीचं बोलले आणि कानात थेंब पडला. टप. मग टप. भाऊजी नुकतेच वर आले होते, त्यांच्या हाताला धरून मी त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि दुसरा हेडफोन दिला.

"तू आहेस का गं?" मी म्हटलं.

एक टकटक. आणि मी पुढं काही विचारायच्या आत तीन. थांबून पुन्हा तीन.

"येतोय," मी म्हटलं. "येतोय आम्ही. घर कुठं ते सांग. मी विचारते, तू ठोक."

पडद्यावर नुसता एक भाग दिसत होता, चांगला मोठा. आक्कांनी पोलिसांना दुसऱ्या फोनवर धरलं. भाऊजींनी नकाशा उघडून बोटानं दाखवायला सुरुवात केली आणि मी विचारत गेले. बाजाराच्या बाजूला? दोन. पुलाच्या अलीकडे? दोन. पलीकडे? एक. शाळा दिसते? दोन. पाण्याची टाकी? एक, एकदम घाईनं. "मजला कितवा? जितका असेल तितक्या वेळा ठोक." आम्ही बोटांवर मोजत होतो. चौथ्यानंतर थांबली. तेवढ्यात मागं दारावर धपका बसला आणि पुरुषाचा आवाज आला, काय म्हणाला ते कळलं नाही. फोन कशावर तरी आपटला.

आणि नेमकी त्याच क्षणी खरखर सुरू झाली. दुपारची गर्दी, चारी बाजूंनी फोन. मी भाऊजींकडे बघितलं. माझ्या डोळ्यांत काय होतं देव जाणे. ते पुटपुटले, "तुटणार नाही. वहिनी, तुटणार नाही, आवाजाच्या पुढं कुणालाच सोडलेलं नाही मी." कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला होता. खरखर झाली, पण तुटला नाही. आम्ही दोघंही ते सगळं ऐकत राहिलो. दार फुटताना ऐकलं. ती ओरडली तेही ऐकलं. ज्या माणसाला मी जेवताना एक शब्द सांगू शकत नव्हते, त्यानं ते सगळं ऐकलं आणि हेडफोन काढला नाही. मग बुटांचे आवाज आले, खूप बूट, आणि कुणीतरी म्हणालं, "सापडली, जिवंत आहे." त्यानंतर नळाचा थेंब. टप.

संध्याकाळी पोलिसातली एक बाई हॉलमध्ये येऊन सांगून गेली. हात मोडलाय, बरगड्यांना मार आहे, दवाखान्यात आहे. न्हाणीघराच्या कोपऱ्यात, जिथं ती ठोकायची, तिथला भिंतीचा गिलावा उडून खड्डा पडलाय म्हणे. आणि तिनं आमच्यासाठी निरोप दिला होता. "त्या ताईंना सांगा, मी त्यांनी सांगितल्यासारखंच करत होते. इतके दिवस तीनदाच ठोकत होते. माझंच ठोकणं हळू पडत असेल."

हे भाऊजींना सांगायचं नाही, असं मी ठरवून घरी आले. जेवायला बसलो. मी सासूबाईंना वाढत होते, तोच भाऊजी म्हणाले, "वहिनी, ती काय म्हणाली?"

"जेवताना?" मी म्हटलं.

"जेवतानाच सांगा."

मी सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "हळू नव्हतं हो. तिला कुणीतरी सांगितलं पाहिजे, तिचं ठोकणं हळू नव्हतं."

"उद्या मी जाते," मी म्हटलं.

"तुम्ही नाही. ते मीच सांगायला पाहिजे."

सकाळी ते बूट घालून निघाले. दवाखान्यात ती सातव्या मजल्यावर, म्हणजे लिफ्ट आली. तिच्यासमोर काय बोलायचं या धास्तीनं रात्रभर डोळा लागलेला नव्हता, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. जिना उतरले आणि परत वर आले. दारातून आत बघत, खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, गॅस मी बघितला ना?"

"बघितलात," मी म्हटलं. "जा आता."